वरचा, खालचा आणि पुण्याचा

पूर्वी गणपतीपुळ्याला आमच्या वाडीत कुणी 'कसं काय?' विचारलं की 'चाललंय' म्हणायची पद्धत होती. त्यात सगळं यायचं. आंबा मोहरला नाही, मुंबईचा मुलगा शिमग्याला आला नाही, गुडघा धरलाय, सगळं. हल्ली तोच प्रश्न विचारला की गडग्यापलीकडून उत्तर येतं, "वरचा १३८, खालचा ८४." मग आपणही आपला वरचा-खालचा सांगायचा. परवा एका गृहस्थांनी देवळाच्या पायरीला हात लावता लावता मला त्यांचा आकडा सांगितला. मी तो मनातल्या मनात माझ्याशी ताडून पाहिला. माझा सहाने कमी भरला, आणि त्या दिवशी दर्शन फार चांगलं झालं.

वरचा-खालचा म्हणजे काय, हे समुद्राकाठच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. हृदय आकसून रक्त ढकलतं तेव्हाचा दाब वरचा, ते सैल पडतं तेव्हाचा खालचा. भरती आणि ओहोटी. समुद्राची दिवसातून दोनदा होते, आपली मिनिटाला सत्तरएक वेळा. वरचा १४० आणि खालचा ९० पर्यंत पाणी पुळणीवर आहे असं समजायचं, त्याच्या वर गेलं की माडांच्या मुळाशी. फरक एवढाच की समुद्राला उधाण आलं तर आवाज होतो. रक्ताला येतं तेव्हा काही म्हणता काही कळत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, माणूस वर्षानुवर्षं मजेत फणस फोडत बसलेला असतो. आपल्या देशात ढोबळमानाने चार मोठ्या माणसांमागे एकाचा दाब वाढलेला असतो, आणि त्यातल्या पुष्कळांना त्याचा पत्ता नसतो. मलाही नव्हता.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, म्हणजे लोकांच्या भाषेत कंट्रोलर. खिडकीत बसून, न आलेली गाडी कधी येईल हे सांगणारा माणूस. तीस वर्षं मी 'येईल, येईल' हे एकच वाक्य निरनिराळ्या चालींवर म्हटलं. प्रवासी तावातावाने बोलत आणि मी शांत असे. माझी समजूत अशी, की ओरडणारे ते प्रेशरवाले. निवृत्तीनंतर रत्नागिरीला डॉक्टरांनी पट्टा बांधला तर माझा वरचा १६८. ओरडणाऱ्यांची वाफ बाहेर गेली होती आणि ती खिडकीतून आत येऊन माझ्याकडे साठली होती. डॉक्टर म्हणाले, असं काही शास्त्र नाही, हा वय, वजन, मीठ आणि वडील यांचा हिशेब आहे. असेल. पण एकदा मे महिन्यात कोल्हापूरच्या गाडीची चौकशी करणाऱ्या खिडकीत बसून बघा.

गोळी चालू झाली. तीन महिन्यांनी मोजलं तर १३२. मी खूश होऊन गोळी बंद केली. नॉर्मल आलंय, मग गोळी कशाला? आंबा घाट उतरताना एखादा ड्रायव्हर म्हणाला असता, की गाडी हळू चालली आहे, त्या अर्थी ब्रेकची आता गरज नाही, काढून ठेवतो, तर मी त्याचा तिथल्या तिथे रिपोर्ट केला असता. स्वतःच्या बाबतीत मात्र हेच तर्कशास्त्र मला बिनतोड वाटलं. महिन्याभरात आकडा पुन्हा घाटमाथ्यावर जाऊन बसला. ही बातमी हिने फोनवरून पुण्याला कळवली आणि पुढच्या रविवारी पुण्याहून मशीन आलं.

मुलगा पुण्याला संगणकावर काम करतो. काय करतो ते त्याने मला तीनदा समजावून सांगितलंय. मशीन त्याने टेबलावर ठेवलं, माझ्या मोबाईलात एक अ‍ॅप घातलं आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही काहीच करायचं नाही. पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, आकडा आपोआप मोबाईलात जाईल आणि मोबाईलातून माझ्याकडे. तुम्ही फक्त सकाळ-संध्याकाळ शांत बसायचं." कोकणातल्या निवृत्त माणसाला याहून सोपं काम सांगता येणार नाही, असं त्याला वाटलं असावं.

घोटाळा तिथेच होता. नुसतं बसायचं नसतं. त्या बसण्याचे नियम सोवळ्याहून कडक आहेत. आधी लघवीला जाऊन यायचं. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. पाठ टेकलेली हवी, पाय जमिनीला हवेत, मांडी घालायची नाही, पायावर पाय तर अजिबात नाही. पट्टा बाहीवरून नाही, उघड्या दंडावर. हात टेबलावर, काळजाच्या उंचीला. असं पाच मिनिटं बसायचं, मग मोजायचं, मिनिटभर थांबून पुन्हा मोजायचं. आणि या सगळ्या वेळात बोलायचं नाही.

शेवटचं कलम जमेना. पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला गडग्यापलीकडून काका विचारतात, "काय हो कंट्रोलर, नारळ पाडलेत की काय?" याला उत्तर दिलं नाही तर आमच्याकडे दोन घरांचं बोलणं बंद झालं असा अर्थ होतो. मी डाव्या हाताने खूण केली. पट्टा डाव्याच हाताला होता. मशीनने आकड्याच्या जागी इंग्रजी अक्षर दाखवलं आणि पुन्हा फुगायला लागलं. मी दात ओठ खाऊन गप्प. काकांनी माझा चेहरा पाहिला, दंडाचा पट्टा पाहिला, आणि काही न बोलता आत गेले. तिसऱ्या दिवशी कंट्रोलरची वाचा गेल्याची बातमी मालगुंडला पोहोचली होती. मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव. तिथल्या माणसांना शब्दांची किंमत आहे. दोघंजण शहाळी घेऊन भेटायला आले.

बोललं की आकडा वाढतो हे खरं आहे, मी करून पाहिलंय. गप्प बसून १३६. नारळाच्या भावावर बोलत बोलत १४७. सामाईक विहिरीचा विषय काढला तेव्हा मशीनला एका फुगवण्यात पुरलं नाही, त्याने मधेच थांबून आणखी हवा भरली. तेव्हा एक अनुभवाचा सल्ला: सात-बारा समोर ठेवून प्रेशर मोजू नये.

या पट्ट्याची कल्पना मूळची एका इटालियन डॉक्टरची. रिव्हा-रोची त्यांचं नाव. १८९६ साली त्यांनी दंडाला हवा भरायची रबरी नळी गुंडाळली आणि ती पाऱ्याच्या खांबाला जोडली. १९०५ साली कोरोत्कोव नावाच्या रशियन डॉक्टरने पट्ट्याखाली कान लावून रक्ताचा ठोका ऐकायची युक्ती शोधली. आजही आपला आकडा हा मिलिमीटरमधला पाराच असतो. माझे १६८ म्हणजे माझं रक्त १६८ मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा खांब डोक्यावर घेऊन उभं होतं. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून मी एक दिवस पाण्यात हिशेब केला. साडेसात फूट! आमच्या न्हाणीघराच्या मोरीतला शॉवर त्याहून खाली आहे आणि तिथवर पाणी चढवायला पंप लावावा लागतो. हा हिशेब हिला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग पंप काढून तुमचाच पाईप जोडू." घरगुती मशीन कान लावत नाही, ते पट्ट्यातल्या हवेला रक्ताचे जे हेलकावे बसतात ते पकडून आकड्याचं गणित करतं. म्हणून हलायचं नाही. हेलकावा रक्ताचा की काकांना केलेल्या खुणेचा, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं?

मे महिन्यात पुतण्याचा मुलगा आला. वय वर्षं चौदा. म्हणाला, "आजोबा, पट्टा कशाला? हे अ‍ॅप बघा, कॅमेऱ्यावर बोट ठेवा." ठेवलं. मोबाईलचा दिवा लागला, पडद्यावर एक हृदय उडायला लागलं आणि आकडा आला: ११८, ७६. मला इतकं बरं वाटलं की मी त्या पोराला दोन हापूस जास्त दिले. मग काकांनी बोट ठेवलं, ११९. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारा उंटवाला पाणी प्यायला आला होता, त्याचं बोट ठेवलं, ११८. तेव्हा मला संशय आला. मी एक केळं सोललं आणि कॅमेऱ्यावर ठेवलं. १२१, ७९. म्हणजे केळ्याला अजून प्रेशर नाही, पण जपायला हवं.

हा पोरखेळ आपल्याकडेच चालतो असं नाही. अमेरिकेत 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचं असंच एक अ‍ॅप २०१४ ते २०१५ या काळात विकलं जात होतं. फोन छातीला लावायचा, बोट कॅमेऱ्यावर ठेवायचं. एक लाखाहून जास्त लोकांनी ते पैसे मोजून घेतलं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासून पाहिलं तर ज्यांचा दाब खरोखर वाढलेला होता अशा पाचांपैकी जवळजवळ चौघांना ते 'तुमचं छान आहे' म्हणत होतं. २०१६ साली तिथल्या व्यापार आयोगाने त्या कंपनीचे असले दावे बंद करायला लावले. कॅमेऱ्याला नाडी कळते, त्यात खोटं नाही, कारण ठोक्यागणिक बोटातलं रक्त वाढतं आणि उजेड कमी-जास्त होतो. पण नाडी म्हणजे तासाला किती गाड्या सुटल्या. दाब म्हणजे त्या गाडीत माणसं किती कोंबली होती. पहिलं खिडकीत बसून सांगता येतं. दुसरं कळायला गाडीत चढावं लागतं, आणि मोबाईल गाडीत चढत नाही. काही मनगटी घड्याळं हल्ली प्रेशर सांगतात, पण त्यांनाही दर चार आठवड्यांनी पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. म्हणजे शेवटी पट्ट्याच्याच पाया पडायचं.

मुलाने मग मिठाकडे मोर्चा वळवला. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. त्यासाठी दुसरं अ‍ॅप आलं. जे खाल ते त्यात लिहायचं, ते मीठ मोजून सांगणार. त्यात पिझ्झा होता, पास्ता होता, ओट्सचे सात प्रकार होते. मिरगुंड नव्हतं. सांडगी मिरची लिहिली तर त्याने 'सांडविच म्हणायचंय का?' असं विचारलं. ही म्हणाली, "मी भाजीत मीठ कमीच घालते." खरं आहे, भाजीत कमीच असतं. पण पानाच्या डाव्या बाजूला लोणचं, पोह्याचा पापड, मिठातली कैरी आणि सुकटीची चटणी ही मंडळी पाय पसरून बसलेली असतात त्यांचं काय? कोकणाचा पावसाळा मिठावर उभा आहे. जून ते सप्टेंबर टिकायचं तर एक तर माणसाने मुंबईला जावं नाही तर मिठात बसावं. मला सगळ्यात मोठा धक्का आगळाने दिला. सोलकढी पथ्याची म्हणून मी दोन वेळा वाट्या वाट्या पीत होतो. आगळ म्हणजे कोकमाचा रस मीठ घालून टिकवलेला. पथ्य म्हणून पीत होतो तो समुद्रच होता, फक्त गुलाबी.

मशीनच्या अ‍ॅपने केलेलं एकच काम मला मनापासून आवडलं, ते म्हणजे गोळीची आठवण. सुरुवातीला नुसती घंटी वाजायची. आमच्याकडे पर्यटकांना द्यायच्या दोन खोल्या आहेत. त्यामुळे मी घंटी ऐकली की फोन उचलून 'गरम पाणी मिळेल, साडेसातला' असं सांगायचो. मग नातीने स्वतःच्या आवाजात भरून ठेवलं, "आजोबा, गोळीऽऽ!" एका सकाळी मी टेकडीला प्रदक्षिणा घालत होतो. इथे टेकडीलाच गणपती मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा किलोमीटरभराची होते. अर्ध्या वाटेवर खिशातून नात ओरडली. माझ्या पुढचे दोघे आणि मागचे तिघे जागच्या जागी थांबले आणि सगळ्यांनी आपापल्या खिशात हात घातला. त्यातले दोघे सांगलीचे होते, त्यांच्याकडे गोळ्या होत्याही. तिसऱ्याने माझ्याकडे पाणी मागितलं.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. गणपतीपुळ्यात गणेश चतुर्थीला घरोघरी मूर्ती आणायची पद्धत नाही. गावाचा गणपती एक, तोच सगळ्यांचा. 'एक गाव एक गणपती'च्या पाट्या इतरत्र लागायच्या कितीतरी आधीपासून हे असं आहे. तोच न्याय वाडीने माझ्या मशीनला लावला. सकाळी नऊनंतर ओटीवर रांग लागायची. काका यायचे, पोस्टातली मुलगी यायची, माड चढणारा पाडेली यायचा, ज्याच्या दंडाला पट्टा पुरायचा नाही. (लहान पट्टा मोठ्या दंडाला बांधला तर आकडा फुगून येतो, हे आम्हाला पुढे कळलं. तोवर तो बिचारा पंधरा दिवस भात सोडून बसला होता.) उंटवाला रोज यायचा. मी खिडकीतला माणूस, रांग दिसली की मला उत्साह येतो. एकेकाला बसवून मी 'पाय खाली, बोलायचं नाही' अशा घोषणा देत असे.

मशीनला दोन बटणं होती, एक नंबर आणि दोन नंबर. दोन माणसांचे आकडे वेगळे राहावेत म्हणून. एक नंबर माझा. म्हणून वाडीला मी दोन नंबर दिला. पुण्याच्या मोबाईलात दोन नंबरच्या पुढे 'आई' असं लिहिलेलं आहे, याची मला कल्पना नव्हती.

एका मंगळवारी साडेनऊला फोन आला. "बाबा, आई कुठाय? घाबरू नका. आईचं नऊ दहाला १०४ होतं, नऊ सतराला १८६, नऊ पंचवीसला १४१. हे फार गंभीर आहे. मी इथल्या डॉक्टरांशी बोललोय. तुम्ही आत्ताच्या आत्ता निघा, मी गाडी पाठवतो." मी स्वयंपाकघरात डोकावलो. ही घावन घालत होती. दिसायला तरी १०४ ते १८६ असं काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, "तुझ्या आईचं असंच असतं रे." बत्तीस वर्षांच्या संसारावरून केलेलं ते सर्वसाधारण विधान होतं. पण तो रडवेला झाला. शेवटी फोन तिच्याकडे दिला. ती म्हणाली, "मी त्या मशीनला हातसुद्धा लावला नाही हो बाळा."

बराच वेळ फोनवर कुणी बोललं नाही.

"मग १८६ कोण?"

"काका असतील. काल त्यांची वाटणीची तारीख होती."

"आणि १४१?"

"उंटवाला."

"आई, पंधरा दिवस मी रात्री झोपलेलो नाही," तो म्हणाला. सून मागून म्हणाली की खुद्द त्याचंच परवा १५० आलंय. त्यानंतर पुण्याहून दोन नंबरच्या आकड्यांना उत्तर येणं बंद झालं.

माझे मेहुणे सिंधुदुर्गातले. त्यांना हा किस्सा सांगितला तर त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं. त्यावर चौकोनी ठिपक्यांची ती खूण होती, दुकानात पैसे द्यायला असते तशी. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकार, आयसीएमआर, राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाबाचा एक मोठा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्यात सुरुवातीलाच होते. त्याला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. मेहुण्यांचं कार्ड त्यातलंच. मेहुणे म्हणाले, "आरोग्य केंद्रात गेलो की नर्सबाई मोबाईलने खूण टिपतात. आकडा घालतात, गोळी लिहितात, झालं. अर्धं मिनिट नाही लागत."

"आलेख नाही येत? पंधरा दिवसांची सरासरी? हसरा चेहरा?"

"नाही. पण महिन्याच्या तारखेला मी गेलो नाही तर त्यांच्या यादीत माझं नाव येतं. मग फोन येतो, 'काका, गोळ्या संपल्या असतील, येताय ना?'"

मी नुसतं ऐकत राहिलो. तीस वर्षं मी जे काम केलं त्याचं सार त्या यादीत होतं. आलेल्या गाडीची नोंद कुणीही करील, ती समोर उभी असते. कंट्रोलरचं काम न आलेल्या गाडीचं असतं. माझ्या महागड्या अ‍ॅपला मी आलो की हृदयं उडवता येत होती. मी पंधरा दिवस फिरकलो नसतो तर एक चकार शब्द काढला नसता, कारण ते माझी वाटच बघत नव्हतं. केंद्र सरकारने १७ मे २०२३ ला जागतिक उच्च रक्तदाब दिनाच्या दिवशी जाहीर केलं होतं, की २०२५ पर्यंत साडेसात कोटी रक्तदाब-मधुमेहवाल्यांना नीट उपचारांवर आणायचं. एवढ्या गाड्यांचं वेळापत्रक सांभाळायचं तर न आलेल्यांचीच यादी लागणार. एसटीच्या माणसाला हे कुणी वेगळं शिकवायला नको.

पावसाळ्याच्या तोंडावर आरोग्य खात्याच्या आशाताई आल्या. त्यांचा फॉर्म असतो, तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा. तंबाखू खाता का, दारू घेता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला प्रेशर आहे का. मी अभिमानाने माझा मोबाईल पुढे केला. चाळीस दिवसांचा आलेख, पुळणीसारखा हळूहळू उतरत गेलेला. त्यांनी तो नीट पाहिला. "छान आहे, अण्णा. गोळी सोडू नका. आणि काकींचा?"

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. आतून ही म्हणाली, "मला काय धाड भरलीय? मला कधी डोकेदुखीसुद्धा नाही."

"डोकं दुखत नाही म्हणूनच बघायचं, काकी. या, बसा."

ती पदराला हात पुसत आली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली. आशाताईंनी पाठ टेकायला लावली, पाय खाली ठेवायला लावले. पाच मिनिटं. आमच्या घरात ती सकाळी नऊ वाजता पाच मिनिटं काहीही न करता बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. दुसऱ्या मिनिटाला 'दूध उतू जाईल' म्हणाली, तिसऱ्या मिनिटाला काहीच म्हणाली नाही. मी दोन नंबरचं बटण दाबलं. १७२, १०४. पुन्हा मोजलं. १७०, १०२. वाडीचं प्रेशर रोज आमच्या ओटीवर मोजलं जात होतं. माझ्या आकड्यावर पुण्याहून दोनदा फोन येत होता, केळ्याचंसुद्धा मोजून झालं होतं.

दोन्ही आकडे त्या क्षणी पुण्याला गेले. 'आई, १७२, १०४.' मी फोन हातात धरून बसलो. फोन वाजला नाही. संध्याकाळी शेवटी मीच लावला आणि विचारलं, "सकाळचा आकडा बघितलास का?"

"बघितला की," तो हसत म्हणाला, "उंटवाल्याला म्हणावं, गोळी घे."

दुसऱ्या दिवशी आम्ही उपकेंद्रात गेलो, तिथून डॉक्टरांकडे. तिलाही गोळी चालू झाली. तिने मशीनच्या दोन नंबरच्या बटणावर कुंकवाचं बोट लावून ठेवलंय. आगळाची बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर गेली आहे, सुकटीची चटणी आठवड्यातून एकदा येते, आणि सकाळी सातला ओटीवर आता दोन खुर्च्या असतात. नातीने दुसरा आवाज भरून दिलाय, "आजी, गोळीऽऽ!" दोन्ही फोन एकदम ओरडतात तेव्हा खोल्यांतले पर्यटक बाहेर येऊन बघतात.

गणपतीपुळ्याला आलात तर आमच्याकडे जरूर या. ओटीवर मशीन आहे, बांधा पट्टा, बघा आकडा, पैसे घेत नाही. फक्त पाच मिनिटं गप्प बसा, आणि बटण एक नंबरचं दाबा. माझ्या खात्यावर गेलं तरी चालेल, पुण्याला ते मी सांगून ठेवलंय.